चुलवणापासून बॉयलरपर्यंत : पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील

मेकॅनिकलच्या तोंडी परीक्षेत बॉयलरवर प्रश्न येणार, हे आपल्याकडे जुन्या बॅचपासून ठरलेले आहे. फायर ट्यूब आणि वॉटर ट्यूब यांतला फरक सांगा, माउंटिंग्ज कोणती आणि ॲक्सेसरीज कोणत्या ते सांगा, बॅबकॉक-विल्कॉक्सची आकृती काढून दाखवा. माझेही तेच झाले. पाठ केलेले सगळे धडाधडा सांगून टाकले. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहज विचारले की गाव कोणते. मी कोल्हार म्हणालो. त्यावर त्यांनी विचारले की चालू बॉयलर जवळून पाहिला आहेस का, आणि त्याचा मालक कोण आहे ते ठाऊक आहे का. पहिल्या प्रश्नाला मी मान खाली घातली. दुसरा तर मला नीट कळलाच नाही. बॉयलरला दाब असतो, तापमान असते, एफिशियन्सी असते. त्याला मालक असतो हे आमच्या नोट्समध्ये कुठे लिहिलेले नव्हते!

कोल्हारच्या पोराला हे माहीत नसावे ही खरे तर लाजेची गोष्ट. आमचे गाव प्रवरेच्या काठावर, नगर-मनमाड रस्त्यावर. भगवतीमातेचे देऊळ म्हणून लोक ओळखतात. गावातून कोल्हार-घोटी रस्ता लोणीकडे वळतो आणि त्या रस्त्यावर थोडेच पुढे प्रवरानगर लागते. दसऱ्याच्या आसपास कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो, मग गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने रस्त्यावर उसाच्या गाड्याच गाड्या. लहानपणी चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढून खाल्ला नाही असा पोरगा आमच्याकडे सापडायचा नाही. पण त्या चिमणीखाली काय जळते, आणि ते पहिल्यांदा पेटवायला कोणी किती खस्ता खाल्ल्या, हे मला त्या परीक्षेनंतर शोधावे लागले. शोधता शोधता एका शेतकऱ्याचे चरित्र हाती लागले. तेच आज तुमच्यासमोर ठेवतो.

कर्जात बुडालेला मुलूख

विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचा जन्म लोणी बुद्रुकचा, नारळी पौर्णिमेचा, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सांध्यावरचा. घर शेतकऱ्याचे. शाळा फार झाली नाही. त्या काळी खेड्यातल्या मुलाची व्हायची तेवढीच झाली. पुढे ज्या माणसाने अर्थतज्ज्ञ, मंत्री आणि बँकवाले यांच्याशी बरोबरीने बोलणी केली, त्याचे शिक्षण आपल्या बारावीच्या निम्मेही नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे.

ज्या मुलखात ते वाढले तो मुलूख दोन गोष्टींनी गांजलेला होता. एक पाऊस, दुसरा सावकार. नगर जिल्हा अवर्षणाचा. एक साल गेले की शेतकरी सावकाराच्या दारात, आणि एकदा त्या दारात गेला की जमीन गहाण. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे जाळली, ते दंगे आपण इतिहासात वाचलेले असतात. वह्या जळाल्या, पण कर्जाचे मूळ जळले नाही. विठ्ठलरावांच्या लहानपणीही गावोगाव तेच चित्र होते.

मग पाणी आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यातून प्रवरेचे डावा-उजवा असे दोन कालवे वाहू लागले. लोणी, कोल्हारचा भाग बागायती झाला. ऊस आला. आता एखाद्याला वाटेल की पाणी आले म्हणजे शेतकरी सुटला. तसे झाले नाही. ऊस हे खर्चाचे पीक. बेणे, खत, पाणीपट्टी, मजुरी या सगळ्याला आधी पैसा लागतो आणि पीक हाती यायला वर्ष-दीड वर्ष. म्हणजे जिरायतीत जे कर्ज शेकड्यात होते ते बागायतीत हजारात गेले!

१९२३ : एक पतपेढी आणि एक कायदा

विठ्ठलरावांनी यावर पहिला उपाय केला तो १९२३ साली. लोणी बुद्रुकमध्ये सहकारी पतपेढी सुरू झाली. कल्पना साधी होती. गावातल्या लोकांनी थोडा थोडा पैसा एकत्र ठेवायचा, त्यातून गरजवंताला वाजवी व्याजाने द्यायचा आणि सर्वांनी मिळून वसुलीवर लक्ष ठेवायचे. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ सालीच आला होता, पण कागदावरचा कायदा आणि गावातली संस्था यांत फार अंतर असते. ते अंतर कोणीतरी चालून जावे लागते. लोणीत ते विठ्ठलराव चालले.

गंमत बघा, त्याच १९२३ साली देशात आणखी एक कायदा झाला : इंडियन बॉयलर्स ॲक्ट. त्याची पाळेमुळे कलकत्त्यात होती. १८६३ साली तिथे बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. मग इतर प्रांतांनी आपापले नियम केले आणि १९२३ मध्ये साऱ्या देशासाठी एकच कायदा झाला. बॉयलरची नोंदणी हवी, दरवर्षी तपासणी हवी, प्रमाणपत्राशिवाय तो पेटवायचा नाही, आणि तो चालवणारा माणूस परीक्षा पास झालेला हवा.

लोणीच्या पतपेढीचा आणि या कायद्याचा आपसात काही संबंध नव्हता. पण मला दोन्हींत एक साम्य दिसते. पैसा काय किंवा वाफ काय, एका जागी कोंडून ठेवली की तिच्यात ताकद येते. आणि ताकद आली की हिशेब, तपासणी आणि जबाबदार माणूस लागतोच. नाहीतर भांडे फुटते.

गुऱ्हाळाची अडचण

आता उसाकडे येऊ. कारखाने नव्हते तेव्हा शेतकरी उसाचे काय करत होता? गूळ. शेताच्या कडेला गुऱ्हाळ असायचे. बैलांच्या चरकात ऊस पिळायचा, रस काहिलीत ओतायचा, खाली चुलवणात उसाचीच वाळलेली चिपाडे जाळायची. रसावरची मळी काढायला भेंडीचे पाणी. गुळव्या शेजारी उभा राहून फेसाचा रंग बघून ठरवायचा की काहील कधी उतरवायची. मित्रांनो, तो गुळव्या म्हणजे थर्मामीटरशिवायचा प्रोसेस इंजिनिअरच होता.

पण इंजिनिअरिंगच्या नजरेने पाहिले तर गुऱ्हाळाच्या अडचणी लगेच कळतात. बैलाच्या चरकात उसातला बराचसा रस चोथ्यातच राहून जातो. चुलवणाची निम्म्याहून जास्त धग काहिलीच्या कडेने आणि धुराड्यातून वाया जाते. उघड्या काहिलीतून जी वाफ उठते ती सरळ आभाळात जाते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. ती सगळी उष्णता वाफेबरोबर पळते, कोणाच्या कामाला येत नाही. शिवाय जास्त आचेवर साखरेचे विघटन होते आणि रंग काळवंडतो.

ही झाली यंत्राची अडचण. शेतकऱ्याची अडचण निराळीच होती. गूळ टिकवून ठेवता येत नाही, पावसाळ्यात पाझरतो. हंगामात सगळ्यांचा गूळ एकदम पेठेत येतो आणि भाव पडतो. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत तर शेतमालाचे भाव असे कोसळले की पिकवलेले विकून कर्जही फिटेना.

त्याच काळात कारखाने मात्र उभे राहत होते. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरधंद्याला संरक्षण दिले आणि दख्खनच्या कालव्यांवर खासगी कारखान्यांना बहर आला. हरेगावला बेलापूर कंपनी आधीपासूनच होती. टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, तिकडे माळीनगर आणि वालचंदनगर, सगळे त्याच काळातले. आपल्या भागातल्या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेतल्या. खंडकरी शेतकरी हा शब्द तिथून आला. त्या जमिनींचा प्रश्न पुढे शेती महामंडळाकडे गेला आणि जमिनी परत मिळायला २०१२ साल उजाडावे लागले, इतका तो चिवट होता.

म्हणजे परिस्थिती अशी : पाणी कालव्याचे, जमीन शेतकऱ्याची, ऊस शेतकऱ्याच्या रानात वाढणारा. पण बॉयलर कंपनीचा. आणि ज्याचा बॉयलर त्याची साखर. परीक्षकांनी मालक कोण असे का विचारले, ते मला इथे कळले.

एक अर्थतज्ज्ञ आणि एक शेतकरी

शेतकऱ्यांनी स्वतःच कारखाना काढावा ही कल्पना आज साधी वाटते. त्या वेळी ती वेडेपणाची होती. साखर कारखाना म्हणजे लाखो रुपयांची यंत्रे, रसायनशास्त्र, परवाने, बाजारपेठ. पतपेढी चालवणे वेगळे, हे वेगळे. शेतकऱ्यांना हे झेपायचे नाही असे जाणकारांनाही वाटत होते, आणि शेतकऱ्यांनाही मनातून तेच वाटत होते.

या कल्पनेला शास्त्राचा आधार दिला तो धनंजयराव गाडगीळ यांनी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते संचालक, देशातले नामांकित अर्थतज्ज्ञ. १९४५ च्या डिसेंबरात श्रीरामपूरला, म्हणजे त्या वेळच्या बेलापूर रोडला, दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. ऊस उत्पादकांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचे कारखाने काढावेत हा विचार तिथे ठामपणे मांडला गेला. परिषदा आपल्याकडे पुष्कळ होतात, ठरावही होतात. हा ठराव मात्र घेऊन एक माणूस गावी परतला आणि कामाला लागला. तो माणूस म्हणजे विठ्ठलराव.

इथून पुढची तीन-चार वर्षे म्हणजे पायपीट. धोतर, डोक्याला फेटा अशा वेशात विठ्ठलराव गावोगाव फिरले. शेअर घ्या, कारखाना आपला होईल. ऐकणाऱ्याला कारखाना दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त खिशातून जाणारे पैसे. आधीच अंगावर कर्ज. त्यात हा पैसा बुडाला तर? यापूर्वी पैसे घेऊन गेलेले लोक परत फिरकले नव्हते. विठ्ठलराव मात्र परत परत येत होते, कारण ते लोणीचेच होते, पळून जाणार कुठे? १९२३ पासून पतपेढीचा व्यवहार लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्या वीस-बावीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्या हेच त्यांचे खरे भांडवल होते, असे मला वाटते.

त्यांनी आणखी एक शहाणपण केले, जे पुढारी माणसाला फार जड जाते. कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी गाडगीळांना दिले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. आपली ताकद गावात आहे, सरकारदरबारी आणि बँकेत गाडगीळांच्या शब्दाला वजन आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार खाते तेव्हा वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होते आणि ते स्वतः सहकाराचे जुने कार्यकर्ते. सरकारने कारखान्याचे शेअर घेतले. १९४८ साली नव्यानेच स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनकडून कर्ज मिळाले. त्याच १९४८ च्या अखेरीस बागायतदारांच्या सहकारी मंडळीची नोंदणी झाली.

देशात १९३० च्या दशकात, आंध्राच्या बाजूला, सहकारी साखर कारखान्याचे काही प्रयत्न झाले होते. पण आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून आज नाव घेतले जाते ते प्रवरेचेच.

माळावर पेटलेली आग

लोणीजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. सुरुवातीची क्षमता रोज सुमारे ५०० टन ऊस. आजच्या मानाने लहानच. पण आता आपल्या विषयाची गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबू.

साखर कारखान्याचा बॉयलर हा जगातला एक विलक्षण बॉयलर आहे. त्याला कोळशाची खाण लागत नाही. ज्या उसातून रस काढायचा त्याच उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, हेच त्याचे इंधन. वहीत हिशेब मांडून बघा. शंभर टन उसातून सुमारे तीस टन बगॅस निघते. त्यात निम्मे पाणीच असते, तरी एक टन बगॅसपासून दोन टनांच्या आसपास वाफ होते. म्हणजे रोजच्या ५०० टन उसामागे १५० टन बगॅस आणि ३०० टन वाफ. जुन्या पद्धतीच्या कारखान्याला उसाच्या वजनाच्या निम्मी किंवा थोडी जास्त वाफ लागायची, म्हणजे अडीचशे ते पावणेतीनशे टन. हिशेब जेमतेम जुळतो, पण जुळतो! फक्त हंगामाच्या पहिल्या दिवशी बगॅस नसते, म्हणून बॉयलर आधी लाकडावर पेटवावा लागतो. एकदा गव्हाण फिरली की मग ऊसच उसाला शिजवतो.

ही वाफ कामाला कशी येते तेही पाहा. बॉयलरमधून निघालेली जोरकस वाफ आधी इंजिनात किंवा टर्बाइनमध्ये जाते. ती मिल फिरवते आणि वीज तयार करते. तिथून दाब उतरून बाहेर पडलेली वाफ फेकून द्यायची नसते. थर्मल पॉवरस्टेशनमध्ये ती कंडेन्सरमध्ये थंड करावी लागते आणि तिची उरलेली उष्णता वाया जाते. साखर कारखान्यात तीच वाफ रस आटवायला जाते. आणि तिथे आणखी एक युक्ती आहे. पहिल्या भांड्यात रस उकळून जी वाफ निघते, तिच्यावर दुसरे भांडे उकळायचे, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे, तिसऱ्याच्या वाफेवर चौथे. प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवायचा, म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो. ही मल्टिपल इफेक्ट पद्धत नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय इंजिनिअरने शोधली आणि १८४३ साली तिचे पेटंट घेतले. ज्या काळात तिकडे उसाच्या मळ्यांत गुलाम राबत होते, उकळता रस पळीने एका काहिलीतून दुसऱ्या काहिलीत ओतताना भाजून निघत होते, त्या काळातली ही गोष्ट. गुऱ्हाळात आभाळात जाणारी वाफ रिलियूने पकडली आणि चार वेळा वापरली.

म्हणजे चुलवणात आणि बॉयलरमध्ये इंधन एकच, उसाचा चोथा. रस तोच, आग तीच. फरक एवढाच की बॉयलरमध्ये वाफेला पळून जाऊ देत नाहीत. विठ्ठलरावांनी बॉयलरची थिअरी वाचली नव्हती. पण शंभर गुऱ्हाळांची शंभर चुलवणे वेगवेगळी जळत राहिली तर धूर होतो, आणि तीच चिपाडे एका भट्टीत जळली तर कारखाना चालतो, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळले होते.

१९५० सालाचा आणखी एक योगायोग सांगतो. आपण ज्याला आयबीआर म्हणून घाबरतो, ते इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स १९५० सालचेच. प्लेटची जाडी किती, वेल्डिंग कसे, नव्या बॉयलरची हायड्रॉलिक टेस्ट चालू दाबाच्या दीडपट कशी घ्यायची, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दोन वॉटर गेज का हवेत, सगळे त्यात आहे. बॉयलरचा मालक शेठ असो की हजारो शेतकरी, पाण्याची पातळी काचेत दिसेनाशी झाली तर नळ्या दोघांच्याही जळतात. सहकार म्हणून भौतिकशास्त्र सवलत देत नाही. हे ध्यानात घेऊन शिकलेला मॅनेजर, चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट आणि परवानाधारक बॉयलर अटेंडंट नेमून त्यांच्या हाती यंत्रे देणे, आणि मालक असूनही त्यांच्या कामात लुडबूड न करणे, हा सहकारी कारखान्यापुढचा अवघड धडा होता आणि आजही आहे.

वाफेचे पुढे काय झाले

कारखाना चालला. एक सभासद, एक मत हे सहकाराचे तत्त्व. पाच एकरवाल्याला आणि पन्नास एकरवाल्याला सर्वसाधारण सभेत सारखाच हात वर करता येऊ लागला. उसाचा भाव आपल्याच कारखान्यात ठरू लागला. प्रवरेचे पाहून महाराष्ट्रात एकामागून एक सहकारी कारखाने निघाले. आपल्या जिल्ह्यात राहुरी, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, तिकडे सांगली आणि वारणा. पुढे गाडगीळांनी अध्यक्षपद सोडल्यावर ते विठ्ठलरावांकडे आले. १९६१ साली पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले आणि त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. आमच्या भागात जुनी माणसे त्यांचे नावही घेत नाहीत, नुसते पद्मश्री म्हणतात आणि समोरच्याला कळते.

त्यांचे दुसरे मोठे काम शिक्षणाचे. स्वतःला शाळा मिळाली नाही याची बोच त्यांच्या मनात असावी. १९६४ साली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था सुरू झाली आणि प्रवरा पब्लिक स्कूलही. खेड्यातल्या मुलाला निवासी शाळेत चांगले शिक्षण मिळावे हा विचार त्या काळात नवा होता. १९७० च्या दशकात लोणीला रुग्णालय आले. साखरेच्या पैशातून शाळा आणि दवाखाना उभा राहू शकतो, हे महाराष्ट्राने इथे पाहिले. नंतर १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली तेव्हा त्यांतली कितीतरी कॉलेजे साखर कारखान्यांच्या आवारातच उभी राहिली. आपल्यापैकी अनेक जण, हॉस्टेलवर राहून मेसच्या पातळ वरणाला नावे ठेवणारे, खेड्यातून इथवर आले ते अशा कुठल्यातरी बॉयलरच्या वाफेवरच. ही गोष्ट आपण विसरतो, कारण ती वाफ आपल्याला दिसत नाही.

२७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलराव गेले. पुढे कारखान्याला त्यांचेच नाव दिले गेले. दर वर्षी त्यांच्या नावाने मराठी लेखकांना साहित्य पुरस्कारही दिले जातात. कारखानदाराच्या नावाने लेखकांचा सन्मान, हेही आपल्या मराठी विभागाच्या वाचकांनी नोंद करून ठेवण्यासारखे आहे.

आजचे प्रश्न

एवढे सांगून थांबलो तर हे चरित्र आरतीसारखे होईल. म्हणून पुढचेही लिहितो.

विठ्ठलराव गेल्यानंतरच्या काळात सहकारी साखर कारखानदारीने चांगले दिवस पाहिले आणि वाईटही. काही कारखाने कर्जात गेले, काही विकले गेले. आज राज्यात खासगी कारखान्यांची संख्या सहकारी कारखान्यांच्या जवळपास बरोबरीला आली आहे. सभासदाचा हात सभेत वर होतो, पण ताळेबंद किती जण वाचतात हा प्रश्नच आहे. ऊस पाणी फार पितो आणि आपला जिल्हा तर टँकरचा. ऊस तोडायला बीड, पाथर्डीकडून येणारी कुटुंबे आजही पालात राहतात. कारखान्याचा बॉयलर शेतकऱ्याच्या मालकीचा झाला, पण कोयता हातात धरणाऱ्याच्या वाट्याला त्या वाफेतले फार थोडे आले. हे काम विठ्ठलरावांच्या पिढीने अर्धे सोडले असे म्हणा, किंवा आपल्यासाठी ठेवले असे म्हणा.

इंजिनिअर म्हणून तर कामाचा ढीगच आहे. १९५० च्या आसपासचे साखर कारखान्यांचे बॉयलर दहा-पंधरा किलो दाबाचे असत. आज सहवीजनिर्मितीसाठी ६७, ८७, ११० बारचे बॉयलर बसतात. तीच बगॅस, पण दाब आणि तापमान वाढवले की कारखान्याची गरज भागून उरलेली वीज ग्रिडला विकता येते. शिवाय वाफेची गरजही उसाच्या वजनाच्या पन्नास टक्क्यांवरून बरीच खाली आणता येते, म्हणजे बगॅस वाचते. मळीपासून अल्कोहोल आणि इथेनॉल होते, त्या डिस्टिलरीलाही वाफच लागते. चिमणीच्या राखेसाठी स्क्रबर हवा, फीड वॉटरसाठी चांगली ट्रीटमेंट हवी. १९२३ चा बॉयलर कायदा शंभर वर्षे टिकला आणि २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. म्हणजे नियमांचा अभ्यासही नव्याने करायचा आहे. एवढे सगळे आपल्या हॉस्टेलपासून हाकेच्या अंतरावर असताना आपण बॉयलरची आकृती पुस्तकातून उतरवतो आणि पेन्सिलने नळ्या मोजत बसतो!

गेल्या हंगामात मी परवानगी काढून एका कारखान्याचे बॉयलर हाऊस बघून आलो. आत शिरताच पहिली जाणवते ती धग, मग आवाज. अटेंडंट काका माझ्याशी बोलत होते, पण त्यांची नजर दर मिनिटाला वॉटर गेजच्या काचेकडे जात होती. मी बाजूला उभा राहून ती काच बघत राहिलो. पाणी बरोबर मध्यावर, किंचित हलणारे. कॅरियरवरून बगॅस येत होती, भट्टीत पडून भुरभुर जळत होती. आमच्या वस्तीवरच्या जुन्या गुऱ्हाळाची जागा मला आठवली. तिथे आता फक्त काळा पडलेला चुलवणाचा खड्डा आहे.

निघताना काकांनी विचारले की कुणाच्या ओळखीने आलास. मी सांगितले की ओळख कुणाचीच नाही, आमच्या आजोबांचा एक शेअर आहे. ते हसले आणि मला फीड पंपाकडे घेऊन गेले. तिथे अजून अर्धा तास समजावून सांगितले.

पुढच्या तोंडी परीक्षेला मालक कोण असे कोणी विचारले, तर आता माझ्याकडे उत्तर आहे. तुमच्यापैकीही पुष्कळांकडे असेल. घरी गेलात की ट्रंकेत एखादे जुने शेअर सर्टिफिकेट आहे का, ते एकदा बघा.